पुढील वर्षीची सहल : दोन ठिकाणांमधून एक कसे निवडले? (इंदूरकरांचे अनुभव)

माळवेकरीण :

दिवाळीचा फराळ संपत आला की इंदूरच्या मराठी घरांमध्ये पुढील वर्षी कोठे जायचे हा विषय निघतो आणि पुष्कळदा रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघेपर्यंत ते घोंगडे भिजतच राहते. ठिकाणांची वर्णने आणि छायाचित्रे आता कोठेही मिळतात, त्यामुळे या धाग्यात ती नकोत. आपल्यासमोर कोणती दोन-तीन ठिकाणे होती, त्यांपैकी एकाची निवड नेमकी कशावर झाली आणि उरलेली का मागे पडली, एवढेच कृपया लिहावे. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्याला जे ठिकाण एका रात्रीत गाठता येते, तेथे पोहोचण्यासाठी आपल्याला अनेकदा मध्येच गाडी बदलावी लागते. तो हिशेबही यावा. आमच्याकडे सध्या काश्मीर, कोकण आणि केदारनाथ अशी तीन नावे चर्चेत आहेत. सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे आणि मुलगी दहावीला आहे.

रामबागकर :

मी केंद्र शासनाच्या सेवेत असल्यामुळे आमच्या घरी कोठे जायचे या प्रश्नाच्या आधी एलटीसीचा, म्हणजे रजा प्रवास सवलतीचा, प्रश्न येतो. २०२२ ते २०२५ हा चार वर्षांचा गट संपला असून आता २०२६ ते २०२९ हा गट आहे, आणि नव्या गटाच्या आरंभीच लांबचा प्रवास उरकावा असे आमचे ठरले होते. त्याआधी, जुन्या गटात, मे २०२५ साठी आम्ही श्रीनगरची तिकिटे काढली होती. २२ एप्रिलला पहलगामला हल्ला झाला आणि आम्ही ती रद्द केली. त्या आठवड्यात आपल्या गावात जे वातावरण होते ते येथील वाचकांना सांगण्याची गरज नाही.

आता पुन्हा काश्मीर आणि सिक्कीम ही दोन नावे समोर आली तेव्हा घरातील मतभेद भीतीवरून न होता अंतरावरून झाला, याचे मला थोडे आश्चर्य वाटले. सिक्कीमसाठी न्यू जलपायगुडी गाठायचे तर इंदूरजवळच्या महूहून कामाख्येला जाणारी गाडी आठवड्यातून एकदाच असते. तिच्या वाराशी रजा जुळवायची, पुढे गंगटोकपर्यंत मोटारीचा घाट चढायचा आणि नथुलासाठी स्वतंत्र परवाना काढायचा. उलट कटऱ्यापर्यंत मालवा एक्सप्रेस महूहून रोज निघते, आणि ६ जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारतही सुरू झाली आहे. ही गाडी चिनाब नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंच असलेल्या पुलावरून जाते. माझ्या वडिलांनी आयुष्यभर रेल्वेच्या पुलांविषयीची कात्रणे जपून ठेवली आहेत, त्यामुळे आमचा निर्णय श्रीनगरच्या नव्हे, तर त्या पुलाच्या बाजूने झाला असे म्हटले तरी चालेल.

ट्यूलिपची बाग मात्र आम्ही सोडून दिली. ती मार्चअखेर ते एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास फुलते आणि नेमके तेव्हाच शाळांचे नवे सत्र सुरू होते. धागाकर्त्या ताईंनी दहावीचा उल्लेख केला आहे. त्यांनाही हीच अडचण येईल.

सुदामानगर :

आमची निवड कोकण आणि उदयपूर यांच्यात होती. उदयपूर मोटारीने गाठता येते, वाटेत चित्तोडगड होतो, आणि सामान एकदा डिकीत टाकले की थेट मुक्कामीच काढायचे. कोकणाचे तसे नाही. अवंतिका एक्सप्रेसने सकाळी मुंबई सेंट्रलला उतरायचे, तेथून पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि एखादे मूल सांभाळत दादर किंवा सीएसएमटी गाठायचे आणि मग कोकण रेल्वेची गाडी धरायची. दोन्ही गाड्यांची आरक्षणे निरनिराळ्या दिवशी उघडतात, कारण नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली असून ती प्रत्येक गाडीच्या प्रवासाच्या तारखेप्रमाणे मोजली जाते. एक तिकीट पक्के आणि दुसरे प्रतीक्षायादीत, अशी अवस्था त्यामुळे नेहमीचीच.

तरीही आम्ही मालवण निवडले, आणि तेही मे महिना टाळून फेब्रुवारीत. मेमध्ये हापूस मिळतो हे खरे, परंतु इंदूरच्या कोरड्या उन्हाळ्याची सवय असलेल्या माणसाला किनाऱ्यावरचा घाम सोसत नाही. आपल्याकडे निदान रात्री गच्चीवर वारा तरी असतो. शिवाय मेच्या अखेरीस पावसाळ्यासाठी सागरी पर्यटन बंद होते आणि सिंधुदुर्ग किल्ल्यात जाणाऱ्या होड्याही थांबतात. महिनाअखेरीला गेलेल्या आमच्या शेजाऱ्यांना तो किल्ला धक्क्यावरूनच पाहून परतावे लागले.

आम्ही किल्ल्यात गेलो तेव्हा माझ्या आईला तटबंदीपेक्षा विहिरींचे अप्रूप वाटले. चारी बाजूंनी समुद्र आणि मध्ये दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. तिने ओंजळीत पाणी घेऊन चव पाहिली, मग ती आम्हा प्रत्येकाला घ्यायला लावली, आणि परतीच्या होडीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनाही ‘तुम्ही पाहिलेत का हो पिऊन?’ असे विचारले. बाकीच्या सहलीविषयी ती फारशी बोलत नाही.

नर्मदातीर :

केदारनाथाविषयी लिहितो, कारण धागाकर्त्या ताईंच्या यादीत ते आहे आणि घरात सत्तरी ओलांडलेली व्यक्तीही आहे. केदारनाथ ३,५८३ मीटर उंचीवर आहे आणि २०१३ च्या प्रलयानंतर गौरीकुंडापासूनचा पायी मार्ग सुमारे १६ किलोमीटरचा झाला आहे. घोडा किंवा डोली मिळते. हेलिकॉप्टरही आहे, परंतु त्याचे आरक्षण आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून आधी करावे लागते आणि हवा बिघडली की उड्डाण होत नाही. यात्रेची नोंदणी सर्वांनाच सक्तीची आहे.

आमच्या आईच्या मनात केदारनाथ होते आणि माझ्या मनात बदरीनाथ. बदरीनाथला वाहन मंदिराच्या बरेच जवळ जाते, हा माझा एकमेव मुद्दा होता. तिच्या बाजूने अनेक मुद्दे होते, त्यांपैकी एक असा की ओंकारेश्वर आणि महाकाल ही दोन ज्योतिर्लिंगे दाराशी असताना तिसऱ्याला नाही म्हणणे बरे दिसत नाही. शेवटी निर्णय वैद्यकीय तपासणीवर सोडला. डॉक्टरांनी उंचीवर चढण्यास मनाई केली आणि तिने ती वादविवाद न करता मान्य केली. हीच मनाई मी केली असती तर घरात महिनाभर अबोला राहिला असता.

तारखांविषयी एक व्यावहारिक गोष्ट. बदरीनाथाचे कपाट (मंदिराचे दार) उघडण्याची तारीख वसंत पंचमीला नरेंद्रनगरला आणि केदारनाथाची महाशिवरात्रीला उखीमठला जाहीर होते, तर गंगोत्री व यमुनोत्री अक्षय तृतीयेला उघडतात. त्यामुळे महाशिवरात्रीच्या आधी केदारनाथचे काही पक्के करण्यात अर्थ नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात, म्हणून पावसाळा संपल्यापासून भाऊबीजेला केदारनाथचे कपाट बंद होईपर्यंतचा काळ वृद्धांसाठी मला अधिक योग्य वाटतो; गर्दीही तुलनेने ओसरलेली असते.

माळवेकरीण :

नर्मदातीर, आपल्या उत्तरातील वैद्यकीय तपासणीची सूचना मी आजच घरी मांडली. सासूबाईंचे म्हणणे असे की तपासणी अवश्य करू, परंतु डॉक्टर त्यांच्या निवडीचा हवा.

पुणे_इंदूर_पुणे :

आमच्या प्रश्नाचे स्वरूप थोडे निराळे आहे. दोन्ही मुले नोकरीनिमित्त पुण्याला आहेत आणि दिवाळीत पुण्याहून इंदूरकडे येणारी गाडी किंवा बस मिळणे किती कठीण असते हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून आम्ही दोन्ही गावांच्या मधले ठिकाण शोधू लागलो. मुलांनी गोवा सुचवला, परंतु तो त्यांच्यासाठी जवळ आणि आमच्यासाठी दूर. वेरूळ-अजिंठ्याला मात्र ते दक्षिणेकडून आणि आम्ही उत्तरेकडून येऊ शकत होतो.

इंदूरहून भेरूघाट उतरून खंडवा, बऱ्हाणपूर आणि जळगावमार्गे अजिंठा येतो. बऱ्हाणपूरला आम्ही मुद्दाम थांबलो. अशीरगड रस्त्यावरूनच दिसतो, मुमताज महल १६३१ साली याच गावी निवर्तली, आणि कुंडी भंडारा ही मुघलकालीन भूमिगत पाणीयोजना पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. मावा जिलबी मात्र आपल्या सराफ्यातील (इंदूरच्या खाऊबाजारातील) जिलबीच्या सवयीने खाऊ नये. ती काळपट, जड असते आणि एकीतच पोट भरते.

एक गोष्ट आधी पाहून ठेवावी: अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. शनिवार-रविवारला जोडून रजा घेणाऱ्या कुटुंबाची नेमकी येथेच पंचाईत होते. वेरूळला घृष्णेश्वराचे दर्शन घेताना, त्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला आहे हे इंदूरहून आलेल्याला कोणी सांगावे लागत नाही, तरी आमच्या यजमानांनी ते रांगेतील सर्वांना सांगितले.

निवृत्त_लेखापाल :

सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांसाठी थोडक्यात लिहितो. जाहिरातीतील किंमत बहुधा ‘मुंबई ते मुंबई’ अशी असते. इंदूरहून मुंबईला जाण्या-येण्याचे भाडे, विमानतळाजवळचा एक मुक्काम आणि परतीच्या गाडीची वाट पाहण्यात जाणारा दिवस हे सर्व त्यात मिळवल्यावर आमच्यासमोरील व्हिएतनाम आणि तंजावर यांच्या खर्चातील फरक आणखीच वाढला. तेवढ्यावर निर्णय झाला नसता, परंतु एका सहल कंपनीने व्हिसाच्या अर्जात पत्नीचे नाव पारपत्राप्रमाणे न लिहिता आपल्या मनाने आडनाव पुढे-मागे केले आणि दुरुस्तीचे शुल्क आमच्याकडेच मागितले. आम्ही तेथेच थांबलो. ज्यांना परदेशी जायचे आहे त्यांनी अर्जाची प्रत स्वतः वाचावी आणि पारपत्राची मुदत प्रवासानंतर निदान सहा महिने शिल्लक आहे ना, तेही पाहावे.

तंजावर आम्ही जानेवारीसाठी निवडले होते आणि मराठी माणसाने एकदा तरी तेथे जावे असे मी आग्रहाने सांगेन. बृहदीश्वराचे मंदिर राजराज चोळाने सुमारे १०१० साली पूर्ण केले हे आपण शाळेत शिकलो. त्याच मंदिराच्या आवारात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ चा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. दुसऱ्या सरफोजी महाराजांच्या काळातील ती अक्षरे आहेत. आमचा वाटाड्या तमिळभाषक होता. त्याने लेखाकडे बोट दाखवून ‘तुमची भाषा’ एवढेच हिंदीत सांगितले आणि तो बाजूला सावलीत उभा राहिला. आम्ही ओळीवर बोट ठेवल्यासारखे हवेतच बोट सरकवत वाचू लागलो. काही शब्द लागले, काही अडले, आणि थोड्या वेळाने वाटाड्याच आम्हाला अर्थ विचारू लागला. सरस्वती महाल ग्रंथालयासाठी स्वतंत्र अर्धा दिवस ठेवावा. तेथे मराठी आणि मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे.

इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याच्या मराठी माणसाला आपण महाराष्ट्राबाहेरचे आहोत याची जाणीव अधूनमधून करून दिली जाते. तंजावरला त्याची अजिबात आठवण होत नाही.

महूकर :

आम्ही कोठेच दूर जात नाही आणि तेही विचारपूर्वक. मेमध्ये घरात राहायचे आणि पावसाळ्यात पाताळपाणी ते कालाकुंड ही मीटरगेजची वारसा गाडी पकडायची. ती २०१८ साली सुरू झाली असून सहसा पावसाळ्यातच धावते, म्हणून निघण्यापूर्वी वेळापत्रक पाहावे. कालाकुंडचा कलाकंद विसरू नये.

दोन_लहान_मुले :

आमच्यासमोर कान्हा आणि पचमढी होते, दोन्ही आपल्याच राज्यातील. मोठ्या मुलाला वाघ हवा होता. कान्ह्यासाठी जबलपूरपर्यंत रात्रीची गाडी मिळते, परंतु पुढे मोटारीने बरेच अंतर जावे लागते, सफारीचे आरक्षण प्रत्येकाच्या ओळखपत्रासह आधी करावे लागते, आणि सहा जणांच्या जिप्सीत पहाटेच्या थंडीत तीन वर्षांच्या मुलीला तासन्‌तास गप्प बसवणे आम्हाला शक्य वाटले नाही. मध्य प्रदेशातील व्याघ्र प्रकल्पांचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो आणि बुधवारी दुपारची सफारी नसते, हेही लक्षात ठेवावे.

पचमढीला इंदूर-बिलासपूर नर्मदा एक्सप्रेसने पिपरियाला उतरता येते आणि तेथून सुमारे ५० किलोमीटरचा रस्ता आहे. जटाशंकर आणि पांडव गुंफा मुलांना सहज जमतात. धूपगडावर, म्हणजे १,३५२ मीटर उंचीच्या सातपुड्यातील सर्वोच्च शिखरावर, स्थानिक जिप्सी नेते. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीच्या यात्रेसाठी विदर्भातून हजारो भाविक येतात. तेव्हा गावात सर्वत्र मराठी ऐकू येते, परंतु राहण्यास खोली मिळत नाही. म्हणून आम्ही दसऱ्यानंतरचा आठवडा धरला आहे, कारण धबधब्यांना तेव्हाही पाणी असते आणि रस्ते कोरडे झालेले असतात. मोठ्या मुलाशी तडजोड अशी झाली आहे की पचमढीहून परतताना मढईला एक सफारी करायची, तीही दुपारची. धाकटी त्या वेळी आजीबरोबर विश्रामगृहात झोपेल. वाघ दिसेलच असे आम्ही त्याला सांगितलेले नाही.