गॅलिलिओचा पुरावा अपुरा होता, म्हणून शिक्षा योग्य ठरते?

दुर्बीण:
गॅलिलिओवरचा खटला विज्ञान विरुद्ध धर्म असा नव्हताच, त्याच्याकडे पुरावा नव्हता, असं हल्ली सारखं ऐकू येतं. मला हे अजिबात पटत नाही. २२ जून १६३३ ला रोममध्ये ६९ वर्षांच्या म्हाताऱ्याला गुडघ्यांवर बसवून, पृथ्वी फिरते हे मत आपण सोडलं, असं वाचायला लावलं. पुरावा लंगडा होता तर खोडून काढायचा. गुडघे कशाला टेकायला लावायचे?

आडवाट:
तुमचा संताप समजतो, पण चर्चचा बडा धर्मपंडित कार्डिनल बेलार्मिनो, त्याचं १६१५ चं पत्र विसरू नका. पृथ्वी फिरते हे खरोखर सिद्ध झालं तर बायबलमधल्या वचनांचा अर्थ नव्याने लावावा लागेल, असं त्याने लिहिलंय. आणि गॅलिलिओने पुढे काय केलं? भरती-ओहोटी! पृथ्वीच्या हालचालीने समुद्र हिंदकळतो म्हणे. साफ चूक. खगोलशास्त्रज्ञ केप्लर तेव्हाच चंद्राकडे बोट दाखवत होता. गॅलिलिओने दाखवलेल्या शुक्राच्या कला (चंद्रासारखं वाढणं-घटणं) टायको ब्राहेच्या मांडणीतही बसत होत्या, आणि तिच्यात पृथ्वी स्थिरच होती. पृथ्वी फिरत असेल तर जवळचे तारे वर्षभरात किंचित सरकलेले दिसायला हवेत; ते सरकणं बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने मोजलं थेट १८३८ मध्ये.

दुर्बीण:
भरती-ओहोटीचं मान्य, तिथे तो चुकलाच. पण त्या पत्रानंतर वर्षही झालं नव्हतं, तोवर ११ सल्लागारांनी काही दिवसांत सूर्य स्थिर असल्याचं मत पाखंडी ठरवलं आणि पाठोपाठ, पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडणारं कोपर्निकसचं पुस्तक चर्चने 'दुरुस्ती होईपर्यंत' थांबवलं. पुरावा आणा म्हणायचं आणि शोधायची वाटच बंद करायची, याला मोकळं दार कसं म्हणू?

काठावरची:
तुम्ही दोघं पुराव्यावरच अडलात. गॅलिलिओचं १६३२ चं पुस्तक, ज्यावरून खटला झाला, ते चर्चची परवानगी घेऊनच छापलं होतं. त्यात पोप अर्बनचा आवडता युक्तिवाद सिम्प्लिसिओ या मंद पात्राच्या तोंडी आला. एकेकाळचा चाहता पोप दुखावला, हे मला खटल्याचं मोठं कारण वाटतं.

शिक्षेतला एक भाग मात्र मन सोडत नाही. तीन वर्षं दर आठवड्याला सात स्तोत्रं म्हणायची होती. मठात राहणाऱ्या त्याच्या लेकीने, मारिया चेलेस्तेने, ती आपल्या अंगावर घेतली. १६३४ मध्ये तीच गेली, अवघ्या ३३ व्या वर्षी.

आडवाट:
१६१६ ची बंदी चूक होती, हे मी मान्य करतो. पण बेलार्मिनोला मूर्ख ठरवू नका. त्याने मागितलेला पुरावा तेव्हा कोणाकडेच नव्हता.

दुर्बीण:
मूर्ख मी म्हटलंच नाही. हुशार होता, म्हणूनच जास्त राग येतो.