रात्री वस्तीवरून रान न्याहाळण्यासाठी परवडणारी थर्मल (उष्णता टिपणारी) दुर्बीण कोणती घ्यावी?

वस्तीकर (जुन्नर तालुका):
आमची वस्ती गावापासून दीड किलोमीटरवर, मळ्यात आहे. ओट्यासमोर गोठा, त्यापुढे मोकळे रान आणि सुमारे १२० मीटरवर उसाची कड आहे. गेल्या दोन महिन्यांत बिबट्याने आमच्या दोन शेळ्या नेल्या. विजेची पाळी रात्रीची असली की मोटार चालू करण्यासाठी विहिरीवर जावेच लागते आणि तेव्हा बॅटरीचा झोत पडेल तेवढेच रान दिसते. घरातून निघण्यापूर्वी उसाच्या कडेला काही बसले आहे का, एवढे कळले तरी माझे काम भागेल. चाळीस हजारांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. एका दुकानात १० मिलिमीटर भिंगाची, २५६ × १९२ ठिपक्यांच्या सेन्सरची एकडोळी दुर्बीण दाखवली असून तिच्या खोक्यावर ‘५०० मीटर’ असे छापलेले आहे. मोबाइलला जोडायचा लहान थर्मल कॅमेरा त्याहून बराच स्वस्त पडतो. यांपैकी काय घ्यावे?

भिंगवाला:
खोक्यावरचे ५०० मीटर खोटे नाहीत, पण ते तुमच्या उपयोगाचेही नाहीत. तो आकडा बहुधा उभ्या माणसासाठी असतो आणि त्याचा अर्थ इतकाच, की तेवढ्या अंतरावर ‘तिथे काहीतरी गरम आहे’ हे कळते. ते काय आहे, हे कळेलच असे नाही.

हिशोब घरी करता येतो. हल्लीच्या बहुतेक सेन्सरांचा एक ठिपका १२ मायक्रॉनचा असतो. १२ ला भिंगाच्या मिलिमीटरने भागा. जो आकडा येईल तेवढे सेंटिमीटर दर १० मीटर अंतरामागे एका ठिपक्यात मावतात. १० मिलिमीटरच्या भिंगात तुमच्या उसाच्या कडेला एक ठिपका सुमारे साडेचौदा सेंटिमीटरचा होईल. बिबट्याची खांद्यापर्यंतची उंची साठेक सेंटिमीटर धरली, तर तो जेमतेम चार ठिपके उंच दिसेल. जनावर आहे हे नक्की कळेल. कुत्रा की बिबट्या, यावर मात्र घरात वाद होईल. हाच सेन्सर १९ मिलिमीटरच्या भिंगामागे असेल, तर उंची आठ ठिपके भरते आणि चाल, शेपटी, पाठीचा बाक ओळखू येऊ लागतो. त्याचा तोटा असा, की त्या अंतरावर एका नजरेत ३७ मीटरऐवजी केवळ १९ मीटर रुंदीचे रान दिसते आणि दुर्बीण फिरवत राहावे लागते. म्हणूनच चित्र सेकंदाला ९ वेळा बदलणारे यंत्र टाळून २५ वेळा बदलणारे घ्यावे, अन्यथा फिरवताना चित्र अडखळते.

मोबाइलला जोडायच्या कॅमेऱ्याचे भिंग साधारण ३ मिलिमीटरचे असते. गोठ्याभोवती वीस-पंचवीस मीटरपर्यंत तो चांगला चालेल, पण १२० मीटरवरचा बिबट्या त्यात एक-दीड ठिपक्याचा उरेल.

आणखी एक. दर थोड्या वेळाने आत ‘टिक’ असा आवाज होऊन चित्र क्षणभर थिजते. तो बिघाड नव्हे; सेन्सर स्वतःला जुळवून घेत असतो. या आवाजामुळे दुर्बीण परत करणारे लोक मी पाहिले आहेत.

खोडवा (शिरूर):
वरील हिशोब बरोबर आहे, पण ऊसवाल्याने पहिल्याच दिवशी एक गोष्ट समजून घ्यावी: थर्मलला पानाआडचे दिसत नाही. दोन सऱ्या आत बसलेले जनावर आपल्यासाठी नसल्यासारखेच असते. म्हणून ‘दुर्बिणीत काही दिसले नाही’ याचा अर्थ ‘रान मोकळे आहे’ असा कधीही घेऊ नये. विहिरीवर दोघांनी, बोलत आणि मोबाइलवर गाणी लावूनच जावे.

काचेतूनही काही दिसत नाही. मी पहिल्या रात्री बंद खिडकीतून अर्धा तास पाहिले आणि मला माझ्याच चेहऱ्याची ऊब काचेवर दिसत राहिली. ओट्यावर किंवा गच्चीवर येऊनच पाहावे लागते. दाट धुके आणि पाऊस असला की चित्र फिके पडते.

माझ्या मते चाळीस हजारांतला पहिला पैसा गोठ्याला चारही बाजूंनी आणि वरून पक्की जाळी बसवण्यावर जावा, कारण दुर्बीण शेळी वाचवत नाही. बिबट्या दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. बंदुकीवर बसवायच्या प्रकाराच्या वाटेलाही जाऊ नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बिबट्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे.

भिंगवाला:
जाळीचा मुद्दा मान्य आहे. मोटारीची केबल चोरणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी कुणी दुर्बीण घेणार असेल, तर त्यानेही थांबावे: थर्मलमध्ये माणूस दिसतो, त्याचा चेहरा ओळखू येत नाही. तिथे सिमकार्डवर चालणारा साधा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकून अंधारात पाहणारा) कॅमेरा अधिक उपयोगी पडतो. आणि यंत्राची बॅटरी काढून बदलता येते का, हे दुकानातच पाहून घ्या.

वस्तीकर:
दोघांचेही आभार. गोठ्याला जाळी बसवून घेतली आणि शेजारच्या वस्तीशी निम्मा-निम्मा खर्च वाटून १९ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण घेतली. संध्याकाळी साडेसातला पाहिले, तेव्हा दिवसभर तापलेले बांधावरचे दगड असे पांढरेफेक दिसत होते, की प्रत्येक दगड दबा धरून बसल्यासारखा वाटावा. पहाटे तीनला तेच दगड विझले होते आणि उसाच्या कडेने आमचाच कुत्रा चालला होता. त्याची वर वळलेली शेपटी स्पष्ट दिसली. आता पाळी रात्रीची असली, की आधी एक जण गच्चीवरून पाच मिनिटे पाहतो आणि मगच आम्ही दोघे, बोलत बोलत, विहिरीकडे निघतो.