मदत हवी आहे : गर्भ टिकला नाही, हे पाच आणि आठ वर्षांच्या मुलांना केव्हा आणि किती सांगावे?

नमस्कार.

मला दोन मुले आहेत. मुलगी सव्वाआठ वर्षांची आहे आणि मुलगा नुकताच पाच वर्षांचा झाला आहे. पाच आठवड्यांपूर्वी, ११व्या आठवड्यात, माझा गर्भ टिकला नाही. दिवस गेल्याचे आम्ही मुलांना सांगितलेच नव्हते. पहिले तीन महिने उलटल्यावर सांगू, असे मी आणि नवऱ्याने ठरवले होते, कारण मध्येच काही बिनसले तर तेही मुलांना सांगण्याची वेळ आमच्यावर येऊ नये. आता ती वेळ आली आहे, किंवा कदाचित येऊन टळूनही गेली आहे. नेमके काय झाले आहे हे मला उमगत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

ज्या रात्री रक्तस्राव सुरू झाला, त्या रात्री मुलगी पाणी प्यायला उठली होती. तिने न्हाणीघराच्या दारातून मला पाहिले आणि फरशीवरचे रक्तही पाहिले. तिच्या बाबाने तिला उचलून खोलीत नेले आणि आईच्या पोटात दुखते आहे, डॉक्टर औषध देतील, एवढेच सांगितले. दोन दिवसांनी मी बहिणीशी फोनवर जे बोलले ते तिच्या कानावर पडले असावे आणि तिने ते भावाला सांगितले असावे, कारण त्याच आठवड्यात मुलाने जेवता जेवता मला विचारले, "आई, मी तुझ्या पोटावर उडी मारली म्हणून बाळ गेलं का?"

मी घाईघाईने म्हटले, "छे, बाळबीळ काही नव्हतं." त्याच्या मनातला अपराध पुसायला निघाले आणि त्याच वाक्यात बाळही पुसून टाकले. मुलगी त्या वेळी मान खाली घालून ताटाकडे पाहत होती. मी खोटे बोलत आहे हे तिला ठाऊक होते, याबद्दल मला शंका नाही. तिने आजतागायत या विषयावर एक अक्षरही विचारलेले नाही.

आमच्या घरी आजवर एक साधा नियम होता, की मूल विचारील तेव्हा सांगायचे, विचारील तेवढेच सांगायचे आणि खोटे सांगायचे नाही. चार वर्षांची असताना मुलीने "मी कुठून आले" असे विचारले, तेव्हा पोटात गर्भाशय नावाची पिशवी असते आणि त्यात तू वाढलीस, एवढे उत्तर तिला पुरले आणि ती खेळायला निघून गेली. बाहेर कशी आले, हा प्रश्न पुढे कितीतरी महिन्यांनी आला आणि त्याचेही उत्तर आम्ही अवयवांची खरी नावे घेऊन दिले. त्यामुळे या बाबतीत आपल्याला जमते, असा मला थोडा गर्वही होता. परंतु हा नियम मूल विचारणारच, हे गृहीत धरतो. घर गप्प आहे असे दिसताच मूलही गप्प बसते, ही शक्यता मी कधी विचारातच घेतली नव्हती.

मी थोडेफार वाचले आहे. मेलेला जीव परत येत नाही, त्याचे शरीर काम करायचे थांबते आणि हे प्रत्येकाच्या वाट्याला येते, ही समज बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान येते. म्हणजे माझा मुलगा अगदी उंबरठ्यावर आहे. या वयात मूल घडणाऱ्या गोष्टींचे कारण स्वतःतच शोधते, हेही वाचले. शरीर आणि प्रजननाबद्दल युनेस्कोच्या २०१८च्या सुधारित मार्गदर्शिकेत वयाचे गट ५ ते ८ पासून सुरू होतात, म्हणजे तिच्या हिशेबाने माझी दोन्ही मुले 'लहान' नाहीत. मात्र असे तक्ते विषयाचे असतात. सांगणाऱ्या आईच्या स्वतःच्याच शरीराची आणि दुःखाची गोष्ट असेल तर काय करावे, हे त्यांत सापडत नाही.

माझी पहिली अडचण मुलाबद्दलची आहे. इतक्या लवकर गर्भ जातो तेव्हा सुमारे निम्म्या वेळा गुणसूत्रांतील दोष हे कारण असते, आणि उडी मारल्याने, काम केल्याने किंवा वजन उचलल्याने तो जात नाही, असे डॉक्टरांनी मला सांगितले. माझी समजूत तेवढ्याने पटली, पण पाच वर्षांच्या मुलाला गुणसूत्रे कशी सांगावीत? "बाळ आजारी होते" असे म्हणावे, तर पुढच्या वेळी त्याला ताप आला की तो घाबरेल, ही भीती वाटते.

मुलीची अडचण याहून गुंतागुंतीची आहे. मुलींमध्ये वयात येण्याचे बदल ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान सुरू होतात आणि त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. नववे वर्ष पूर्ण झाले की तिला पाळीबद्दल सांगायचे, असे मी ठरवले होते. पण आता तिने ते रक्त पाहिले आहे. पाळीबद्दल आज सांगितले तर ती ते त्या रात्रीशी जोडेल, आणि नाही सांगितले तर स्वतःचे पहिले रक्त दिसेल तेव्हा तिला तीच रात्र आठवेल. दोन्हीपैकी आधी काय सांगावे?

नवऱ्याच्या मते मुले विसरतात, म्हणून आपणहून खपली काढू नये. मोठ्यांचे दुःख लेकरांच्या डोक्यावर कशाला, असे सासूबाई म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मला सहज उडवून लावता येत नाही. मुलीला सांगायला बसले आणि मलाच रडू कोसळले, तर ती माझी समजूत घालू लागेल. तिचा स्वभावच तसा आहे. मग ते सांगणे तिच्यासाठी झाले की माझ्यासाठी?

ज्यांना असा अनुभव आहे किंवा ज्यांनी मुलांसोबत काम केले आहे, त्यांनी कृपया लिहावे. काळ हेच औषध, असे कृपा करून लिहू नये.

प्रतिसाद १

आपल्या दुःखात सहभागी आहे. मी अनेक वर्षे लहान मुलांच्या समुपदेशनाचे काम करते, त्यामुळे थोडे स्पष्ट लिहीत आहे.

मुलाच्या बाबतीत "केव्हा" हा प्रश्न आता उरलेला नाही, कारण त्याने विचारले आहे आणि त्याला चुकीचे उत्तर मिळाले आहे. आधी ते उत्तर मागे घ्या. "त्या दिवशी मी बरोबर सांगितलं नाही. माझ्या पोटात बाळ वाढायला लागलं होतं, पण त्याची वाढ सुरुवातीपासूनच नीट झाली नाही, म्हणून ते जगू शकलं नाही. तू काही केल्यामुळे, बोलल्यामुळे किंवा मनात आणल्यामुळे हे झालं नाही," एवढे पुरेसे आहे. "आजारी" हा शब्द आपण टाळत आहात ते योग्यच आहे. "बाळ हरवले" असेही म्हणू नये, कारण हरवलेली वस्तू शोधायची असते, आणि "झोपले" तर मुळीच म्हणू नये, कारण रात्री त्यालाही झोपायचे असते. तो हाच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारील. दर वेळी त्याच शब्दांत उत्तर द्यावे, म्हणजे गोष्ट बदलत नाही याची त्याला खात्री पटते.

मुलीला "तुला काय काय माहीत आहे?" असे विचारू नये, ती परीक्षा वाटते. तिने जे पाहिले तिथून सुरुवात करावी. समोरासमोर बसवण्यापेक्षा कपड्यांच्या घड्या घालताना किंवा चालताना बोलणे तिला सोपे जाईल. आधी त्या रात्रीचे रक्त, आणि मध्ये काही दिवस जाऊ देऊन मग पाळी. पाळीत गर्भाशयाचे अस्तर बाहेर पडते, संपूर्ण पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते आणि ती जखम नसते, हे तेव्हा सांगावे. त्या रात्रीपेक्षा ते वेगळे कसे, हे कळायला आधीची गोष्ट पूर्ण झालेली असावी लागते.

रडू आले तर येऊ द्यावे. "मला वाईट वाटतं, पण माझी काळजी घ्यायला बाबा आणि मावशी आहेत," हे वाक्य मात्र विसरू नये.

प्रतिसाद २

मी थोडा वेगळा अनुभव सांगतो. आमच्याकडेही हेच घडले होते आणि आम्ही सात वर्षांच्या मुलाला एकाच बैठकीत सगळे सांगून टाकले. त्याने ऐकून घेतले आणि नंतर कित्येक आठवडे तो आईला एकटे सोडीना. खरे सांगणे चुकले नाही, पण आमचे मन मोकळे करण्याच्या घाईत त्याने न विचारलेलेही सांगितले गेले. माझ्या मते मुलीला आधी "त्या रात्रीबद्दल सांगू का?" असे विचारावे आणि ती नको म्हणाली तर खरोखर थांबावे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल मुलाला सांगितले, बहुतेक शब्द वरचेच वापरले. त्याने क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग आता उडी मारू?" मी हो म्हटले.

मुलीला आज घड्या घालताना सांगू का, असे विचारले. ती फक्त "हं" म्हणाली. रक्त का आले ते सांगितल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, "तू मरणार होतीस का?" म्हणजे पाच आठवडे ती हे मनात घेऊन वावरत होती, आणि मी मात्र ती बाळाबद्दल गप्प आहे असे समजत होते. मला तसा धोका नव्हता आणि आता मी बरी आहे, असे तिला सांगितले. बाळाचे नाव तिने काढले नाही, म्हणून मीही काढले नाही. पाळीबद्दल पुढच्या आठवड्यात बोलेन. बाळाबद्दल मात्र ती विचारीपर्यंत थांबावे, की पाळीच्या बोलण्यात गर्भाशयाचा उल्लेख येईल तेव्हा मीच एका वाक्यात सांगून टाकावे, याबद्दल कोणाला सुचले तर जरूर लिहा.