मदत हवी आहे: टँकरच्या पाण्यावर घरातलं हायड्रोपोनिक्स कसं टिकवायचं?

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते. घरात एलईडी दिव्याखाली मातीशिवाय पालक, लेट्यूस आणि तुळस लावली आहे. पावसाळ्यात सगळं छान होतं. उन्हाळा लागला, सोसायटीच्या टाकीत टँकर आणि बोअरचं पाणी येऊ लागलं आणि नवी पानं पिवळी पडायला लागली. शिरा मात्र हिरव्या. म्हणजे लोह कमी पडतंय. खतात लोह आहे, पण पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे पीएच सारखा सातच्या वर चढतो आणि मुळांना ते घेता येत नाही. खरं तर पीएच ५.५ ते ६.५ असायला हवा.

टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणारा मीटर ६८० दाखवतो, पण त्यात कॅल्शियम किती आणि सोडियम किती हे तो सांगत नाही. पाणी मृदू करणारा सॉफ्टनर नकोच, त्यात कॅल्शियम जाऊन सोडियम येतं. आरओचं पाणी निम्मं मिसळलं तर चालेल, पण टंचाईत एवढं पाणी वाया घालवणं मला पटत नाही.

फॉस्फोरिक आम्लाने कुणी पीएच आटोक्यात ठेवलाय का? लिटरमागे किती घालता? ठाण्यात सोडियम आणि अल्कलिनिटीसकट (म्हणजे बायकार्बोनेटसकट) पाणी कुठे तपासून मिळेल? नवी मुंबईत मोरबे धरणाच्या पाण्यावर कुणी लावत असेल तर तुमचा टीडीएसही कळवा, प्लीज.