शब्दचर्चा: सोडियम-गंधक बॅटरीत ‘धनाग्र’ कुठलं?

शाईचा डाग
ग्रिडसाठी वीज साठवणाऱ्या मोठ्या बॅटऱ्यांवरच्या लेखाचं भाषांतर करतोय. विषय सोडियम-गंधक बॅटरी. ॲनोड-कॅथोडसाठी शाळेतले धनाग्र-ऋणाग्र वापरून मसुदा केला, पण सोडियमला ‘धनाग्र’ म्हणताना काहीतरी खटकतंय. इलेक्ट्रोलाइटला, म्हणजे दोन अग्रांमध्ये आयन वाहून नेणाऱ्या पदार्थाला, मराठी काय लिहू? बॅटरीला ‘विद्युतघटमाला’ चालेल का? आणि ‘विरघळलेलं सोडियम’ बरोबर आहे ना?

गारगोटी
शेवटचं आधी. ‘विरघळलेलं’ काढाच. विरघळायला दुसरा पदार्थ लागतो, वितळायला नुसती उष्णता पुरते. सोडियम ९८ अंश सेल्सिअसला वितळतं, गंधक ११५ च्या आसपास. बॅटरी मात्र ३०० ते ३५० अंशांवर चालवतात, कारण वीज देताना सोडियम आणि गंधकाची जी संयुगं, सोडियम पॉलिसल्फाइडं, तयार होतात ती वितळलेली राहायला हवीत. शिवाय सोडियम आणि गंधक यांच्या मधे असलेल्या सिरॅमिकमधून आयन भराभर जायलाही तेवढी उष्णता लागते.

गंमत म्हणजे वीज द्यायला सुरुवात होते तेव्हा गंधक आणि नवं पॉलिसल्फाइड हे दोन्ही द्रव एकमेकांत मिसळतसुद्धा नाहीत, वेगवेगळे राहतात. तिथे तर विरघळण्याचं नाव मुळीच नको.

कोपऱ्यावरचा
‘सोडियमचा रस’ म्हणा की. लाव्हारस म्हणतो, ओतकामात धातूचा रस म्हणतात.

गारगोटी
सोडियमला चालेलही. पण गंधकाशेजारी ‘रस’ आला की जुन्या वैद्यकाची पुस्तकं वाचणाऱ्याला पारा आठवतो. रसशास्त्रातला ‘रस’ म्हणजे पाराच. ‘वितळलेलं’ हा साधा शब्द असताना कशाला?

उलटी गंगा
धनाग्राचं खटकणं योग्य आहे. हा शब्द आपण विद्युत अपघटनाच्या, म्हणजे विजेने पदार्थाची फोड करण्याच्या, धड्यात शिकतो. तिथे वीज बाहेरून देतात. बाहेरच्या बॅटरीच्या धन टोकाला जोडलेलं विद्युत अग्र ते ॲनोड, म्हणून धनाग्र. तिथे नाव चपखल बसतं.

पण ॲनोडची व्याख्या धन-ऋणावर नाहीच. जिथे ऑक्सिडीकरण होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडले जातात, ते ॲनोड. बॅटरी वीज देत असते तेव्हा इलेक्ट्रॉन सोडतं सोडियम. म्हणजे ॲनोड सोडियमचं, आणि बॅटरीचं ऋण टोकही तेच! ‘सोडियमचं धनाग्र’ लिहिलंत की वाचक वायर उलटी जोडणार.

एवढ्यावर भागत नाही. चार्ज करताना ऑक्सिडीकरण गंधकाच्या बाजूला होतं, म्हणजे व्याख्येप्रमाणे ॲनोड तिकडे गेलं. धन आणि ऋण टोकं मात्र जागची हलत नाहीत. बॅटरीवाले सोयीसाठी वीज देतानाचंच नाव कायम ठेवतात, हा त्यांचा संकेत झाला.

ॲनोड, कॅथोड हे शब्द फॅरेडेने १८३४ साली रूढ केले. ग्रीकात त्यांचा अर्थ ‘वर जाणारी वाट’ आणि ‘खाली जाणारी वाट’ असा आहे. त्यात धन नाही, ऋण नाही. ते आपण मराठीत घातलं आणि बॅटरीपाशी येऊन अडकलो. माझं मत: ‘सोडियमची बाजू’ आणि ‘गंधकाची बाजू’ लिहा. गरज पडेल तिथे ऋण टोक, धन टोक. धनाग्र-ऋणाग्र अपघटनाच्या धड्यातच शोभतात.

पाटीपूजन
सहमत नाही. परिभाषा एकदा ठरली की पाळावी. व्याख्या नीट शिकवली तर गोंधळ होत नाही.

उलटी गंगा
अहो, पण वाचकाला व्याख्या शिकवायला आपण तिथे बसलेलो नसतो. शब्दात ‘धन’ आहे म्हटल्यावर तो धनच समजणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

वाटाड्या
इलेक्ट्रोलाइटबद्दल. मराठी विश्वकोशात ‘विद्युत् विच्छेद्य’ आहे, शालेय पुस्तकांत ‘अपघटन’ घराण्यातले शब्द. दोन्हींचा अर्थ एकच: विजेने ज्याची फोड होते ते. या बॅटरीत इलेक्ट्रोलाइट म्हणजे बीटा ॲल्युमिना नावाच्या सिरॅमिकची नळी. तिच्या आत सोडियम, बाहेर गंधक. गंधक स्वतः वीज वाहत नाही, म्हणून ते कार्बनच्या नमद्यात मुरवलेलं असतं. सोडियमचे आयन नळीच्या भिंतीतून आरपार जातात, इलेक्ट्रॉन जाऊ शकत नाहीत, त्यांना बाहेरच्या तारेतूनच फिरून यावं लागतं. तीच आपली वीज. या सगळ्यात नळीची फोड होत नाही, होऊ द्यायचीच नसते. ती तडकली की सोडियम आणि गंधक थेट भिडतात.

नेहमीच्या बॅटरीत विद्युत अग्रं घन आणि मधलं द्रव, इथे बरोबर उलट. १९६० च्या दशकात फोर्ड मोटर कंपनीच्या संशोधकांनी हा उलटा संसार मांडला, तोही मोटारींसाठी. त्यामुळे ‘अपघटनी द्रावण’ वगैरे लिहू नका. ‘घन इलेक्ट्रोलाइट’ पुरे. पहिल्यांदा येईल तिथे ‘आयन वाहून नेणारं सिरॅमिक’ असा खुलासा द्या.

(‘बीटा ॲल्युमिना’ हे नावही फसवंच. तो ॲल्युमिनाचाच एक प्रकार समजून ते दिलं गेलं. नंतर कळलं की त्यात सोडियम असतंच, आणि त्याच्याच थरांतून आयनांची ये-जा होते. नाव तसंच राहिलं.)

पाटीपूजन
इलेक्ट्रोलाइटमधलं ‘लाइट’ही ग्रीकात सोडवणं, फोडणं याच अर्थाचं आहे. मग राग मराठी शब्दावरच का?

वाटाड्या
मुद्दा रास्त आहे. फरक एवढाच की इलेक्ट्रोलाइट वाचताना मराठी माणसाला ते ग्रीक दिसत नाही, ‘विच्छेद’ मात्र दिसतो.

कोपऱ्यावरचा
विद्युतघटमालेचं काय झालं? ‘विद्युतघटांच्या क्षमतेत घट’ असं वाक्य मी छापलेलं पाहिलंय. त्यातली कुठली घट कमी झाली?

गारगोटी
:) ‘माला’ मात्र अगदीच वाईट नाही. फ्रँकलिनने अठराव्या शतकात विजेच्या बरण्या रांगेने जोडल्या आणि त्या रांगेला तोफांच्या रांगेचं नाव दिलं, बॅटरी. अनेकांची रांग हा अर्थ ‘माले’त शाबूत आहे. सोडियम-गंधकाचा एक सेल जेमतेम २ व्होल्ट देतो, म्हणून शेकडो सेल एका पेटीत जोडावे लागतात.

पण आज घटमाला कोण म्हणतं? बोलण्यात बॅटरी म्हणजे टॉर्चही आणि जाड भिंगाचा चष्मा लावणाराही, तरी संदर्भाने कळतं. एकाला सेल, जोडलेल्यांना बॅटरी, सगळ्या पसाऱ्याला ‘साठवण केंद्र’. या बॅटरीच्या ब्रँडचं नाव (NAS) आलं तर ‘नॅस’ लिहा. ‘नास’ लिहिलंत तर बॅटरी नासली असं वाटेल.

मीटर रीडिंग
कुणी विचारलं नाही तरी सांगतो, कारण खरा घोळ ‘क्षमता’ या शब्दात असतो. जपानमध्ये बुझेन इथलं २०१६ चं केंद्र ‘५० मेगावॅट क्षमतेचं’ असं लिहिलं तर अर्धीच माहिती झाली. मेगावॅट म्हणजे एका वेळी किती वीज देता येते ते. साठा वेगळा, तो ३०० मेगावॅट-तास. भागाकार केला की कळतं, पूर्ण जोराने वीज दिली तर केंद्र ६ तास पुरेल. अबू धाबीतल्या केंद्रात १०८ मेगावॅट आणि ६४८ मेगावॅट-तास, पुन्हा ६ तासच. या बॅटरीची ओळखच मुळी ही, आणि ‘क्षमता’ हा एकटा शब्द नेमकी तीच गिळतो. मी ‘पुरवठा अमुक मेगावॅट, साठा अमुक मेगावॅट-तास’ असं लिहितो. मूळ लेखात नुसतेच मेगावॅट असतील तर तासांचा आकडा शोधून घाला.

शाईचा डाग
सगळ्यांचे आभार. परिच्छेद असा केलाय:

‘वीज देताना सोडियम इलेक्ट्रॉन सोडतं. उरलेले सोडियम आयन सिरॅमिकच्या नळीतून पलीकडे जातात आणि वितळलेल्या गंधकाशी संयोग पावून पॉलिसल्फाइड बनवतात. चार्ज करताना हेच सगळं उलट घडतं. बॅटरी नियमित वापरात असेल तर तिच्याच कामातून निघणारी उष्णता तिला बऱ्याच अंशी गरम ठेवते. ती थांबून राहिली तर हीटर लावावा लागतो.’

शीर्षक: ‘सोडियम बॅटरी: ग्रिडचा नवा आधार’.

उलटी गंगा
परिच्छेद उत्तम. शीर्षक बदला. नुसतं ‘सोडियम बॅटरी’ म्हटलं की हल्ली लोकांना सोडियम-आयन बॅटरी वाटते. ती साध्या तापमानाला चालते आणि तिची रचना लिथियम-आयनसारखी असते. आणि ‘नवा’ही काढा. जपानमधल्या रोक्काशोला ५१ मेगावॅटच्या पवनचक्क्यांशेजारी सोडियम-गंधक बॅटऱ्यांचं ३४ मेगावॅटचं केंद्र २००८ सालीच उभं राहिलंय.

शाईचा डाग
‘सोडियम-गंधक बॅटरी: ग्रिडचा सहा तासांचा आधार’?

मीटर रीडिंग
+१