सीए इंटर: आडतीवरची नोकरी सांभाळून दोन्ही ग्रुप?

प्रश्न: लातूरला आडतीवर हिशेब लिहितो. सोयाबीनची आवक वाढली की शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालविक्रीची बिलं) करता करता रात्रीचे नऊ वाजतात. जेवून टॅक्सचं पुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर डोळा लागतो. जानेवारीत सीए इंटरचे (सीएच्या मधल्या परीक्षेचे) सहाही पेपर, म्हणजे तीन-तीनचे दोन्ही ग्रुप, द्यायलोय. वेळ कसा बसवावा?

उत्तर: भाऊ, रात्र सोड. पहाटे साडेचार ते सात अकाउंट्स आणि कॉस्टिंग, तेही पेन हातात धरून. नुसतं वाचून बॅलन्स शीट जुळत नसते. लॉ-ऑडिट दुपारी, काटा थांबला की. नांदेडला कापडदुकान सांभाळून मी असंच केलं.

उत्तर: 30 गुणांच्या एमसीक्यूंचा (पर्यायी प्रश्नांचा) सराव मोबाईलवर जमेल. लेखी 70 साठी रविवारी घड्याळ लावून तीन तास बसाच. पण सीझनमध्ये दोन्ही ग्रुप? एकच भरा.

उत्तर: दोन्ही दिले तर एका ग्रुपचे जादा गुण दुसऱ्याला तारतात, हेही बघा. पेपरला 40 मात्र हवेतच.

प्रश्नकर्ता: पहाटेचं चार दिवस जमलं. पाचव्या दिवशी पाचलाच मालकाचा फोन, 'ट्रक आलाय, ये.' पहिलाच ग्रुप भरायलोय.