व्हेनिसला मुखवटे बनवणाऱ्या कारागिरांना भेटायचंय, कसं जमवावं?

मुखवटेवाली_बडोदा
नमस्कार मंडळी, मी दांडिया बाजारात राहते, आमच्या इथली मराठी मुलं घेऊन आम्ही बालनाट्यं बसवतो त्यात मुखवट्यांचं काम माझ्याकडे असतं, म्हणजे जुने पेपर, खळ, व्हायटिंग (खडूची पांढरी पूड), शाडूचा पसारा घरात कायमचाच. मुलगी मिलानला शिकतेय, येत्या फेब्रुवारीत मी आणि हे तिच्याकडे जाणार आणि नेमका तेव्हाच व्हेनिसचा कार्निवल असतो. मला मुखवटा बनताना बघायचाय, बनवणाऱ्याशी बोलायचंय, आणि जमलं तर त्याच्या हातचा एक घ्यायचाय. पण यूट्यूबवर बघावं तर प्रत्येक दुकानात सारखेच चकचकीत मुखवटे टांगलेले. खरे ओळखायचे कसे? कारागीर वेळ देतात का? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी प्लीज डिटेलमध्ये लिहा.

फिरस्ता_अलकापुरी
ताई, पहिलं म्हणजे मुखवटा हातात घेऊन (विचारूनच हं, बऱ्याच दुकानात हात लावलेला चालत नाही) उलटा करून आतली बाजू बघा. खऱ्या कागदी मुखवट्याला आतून कागदाचे तुकडे एकावर एक चढवलेले दिसतात, कडा जराशी वरखाली असते, वजन अगदी हलकं. आतून गुळगुळीत आणि एकसारखा असेल तर तो प्लॅस्टिकचा किंवा मशीनवरचा, सॅन मार्को चौकाच्या आसपास आणि रियाल्टो पुलावर स्वस्तात मिळतात ते बहुतेक असलेच आणि बाहेरून आयात केलेले. तुम्ही दोर्सोदुरो आणि सान पोलो भागातल्या आतल्या गल्ल्या धरा, तिथे अजून वर्कशॉप आहेत, पुढे दुकान आणि मागे टेबलावर काम चालू. का माकाना नावाचं एक आहे, ते पर्यटकांसाठी रीतसर क्लास पण घेतात, आधी बुक करून जा.

तुम्ही स्वतः करता म्हणून सांगतो, त्यांची पद्धत बघण्यासारखी आहे. आपण साधारण शाडूच्या चेहऱ्यावर बाहेरून कागद चिकटवतो ना, ते आधी मातीचा चेहरा करतात, त्यावरून प्लास्टरचा खोलगट साचा काढतात आणि भिजवलेला जाड कागद सरसात बुडवून साच्याच्या आतून दाबत जातात. त्यामुळे नाकाची धार, भुवईची रेघ बाहेरच्या बाजूला जशीच्या तशी उमटते. मग वाळवून काढायचा, डोळे कापायचे, पांढरा लेप, घासणं, रंग, सोनेरी वर्ख. मला तर रंगवण्यापेक्षा तो साच्यात कागद दाबण्याचा भागच जास्त आवडतो, तासन्‌तास बघत बसावं.

आणि हे फार जुनं काम आहे, 1436 मध्ये तिथल्या मुखवटेकारांच्या संघाला स्वतःचे नियम मिळालेत. 1797 ला नेपोलियनने शहर घेतल्यावर कार्निवल बंद पडला तो मोठ्या प्रमाणात परत सुरू झाला 1979 ला, म्हणजे आज जे हात हे काम करतायत त्यांनी ते जवळजवळ नव्याने उभं केलंय. त्यांना हे विचारा, मनापासून बोलतात.

फक्त कार्निवलच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. शेवटचा मंगळवार ईस्टरच्या 47 दिवस आधी येतो, तारीख दरवर्षी बदलते, ती बघून दहा-पंधरा दिवस आधी तरी जा, सकाळी.

प्रतापनगरची_मीनू
व्हेनिस छानच पण ताई तुम्ही जानेवारीत जाऊ शकत असाल तर सार्डिनिया बेटावरचं मामोइयादा गाव बघा. तिथे 16-17 जानेवारीला संत अंतोनियोच्या होळ्या पेटतात आणि त्या दिवशी मामुथोनेस म्हणजे तिथली मुखवटेधारी सोंगं वर्षात पहिल्यांदा बाहेर पडतात, काळे लाकडी मुखवटे, अंगावर काळी मेंढीची कातडी आणि पाठीवर 25-30 किलोच्या घंटा, सगळे एका तालात उडी मारत चालतात आणि कोणी एक शब्द बोलत नाही. सोबत लाल डगलेवाले इसोहादोरेस दोर टाकून बघ्यांना पकडतात. छोटं गाव आहे, मुखवट्यांचं म्युझियम आहे, तिथेच विचारायचं की कोरणारे कोण कोण आहेत, ते पत्ता सांगतात. नुओरो शहरापर्यंत पोचलात की जवळच आहे. आणि आधी त्यांचं काम बघा, चहा-कॉफी घ्या, भाव मग विचारा.

तालीम_आणि_तबला
हंगेरीत मोहाच गावी पण मुखवट्यांचा उत्सव आहे, सोंगं घेणाऱ्यांना बुशो म्हणतात, विलोच्या लाकडाचे शिंगवाले मुखवटे, 2009 पासून युनेस्कोच्या यादीत. कार्निवलच्याच दिवसांत असतो, पण मिलानहून लांब पडेल.

सयाजीबाग_सकाळी
सगळ्यांनी युरोपचं सांगितलं, मी घराजवळचं सांगते. मुखवट्यांची एवढी ओढ आहे तर जव्हार-मोखाड्याचा बोहाडा, म्हणजे आदिवासींचा मुखवटे घालून सोंगं नाचवायचा उत्सव, बघितल्याशिवाय राहू नका, आपल्या डांगात पण तसाच भवाडा होतो. चैत्र-वैशाखाच्या सुमारास गावोगावी चालतं, रात्रभर संबळ वाजतो, गणपती, सरस्वतीपासून एकेक सोंग येतं आणि शेवटी देवी महिषासुराला मारते. मुखवटे लाकडाचे पण असतात, कागदाच्या लगद्याचे पण, डोक्यावरून घेतले की माणूस पार झाकला जातो. बडोद्याहून वापीपर्यंत ट्रेन, पुढे सिल्वासा-खानवेल करत गाडीने जव्हार.

एक कळकळीने सांगते, नाचवलेला मुखवटा विकत मागू नका. तो त्यांचा देव असतो, पूजा झालेली असते. कारागिराला सांगून नवा करून घ्या, त्याला काम मिळतं आणि तुम्हाला तो करताना बघायला मिळतो. सरपंच किंवा शाळेतल्या गुरुजींना आधी फोन करून गेलात तर सगळं सोपं होतं.

मुखवटेवाली_बडोदा
बापरे किती दिलंत सगळ्यांनी! साच्याच्या आतून कागद दाबायचं वाचून तर आत्ताच करून बघावंसं वाटतंय. फेब्रुवारीची तिकिटं झालीत त्यामुळे मामोइयादा यावेळी नाही, पण व्हेनिसला कार्निवलच्या आधी तीन दिवस काढते आणि क्लास बुक करते. बोहाडा नक्की, नाटकाच्या मुलांनाच घेऊन जायचा विचार आहे, रात्रभराचं आहे म्हणून आई-बाबांना विचारायला लागेल. कागदी मुखवटा विमानात न्यायचा कसा ते कोणी सांगेल का? आणि कारागिराकडे काय घेऊन जावं?

फिरस्ता_अलकापुरी
चेक-इन बॅगेत टाकू नका, केबिनमध्ये ठेवा. आतल्या खोलगट भागात मोजे-ओढण्या गच्च भरा म्हणजे दबला तरी चेपत नाही, नाकावर बबल रॅप, आणि कडक खोका. ओल लागू देऊ नका, व्हेनिसला पाऊस आणि पाणी दोन्ही असतं. बिल जपून ठेवा.

न्यायचं तर तुमच्या नाटकातला एखादा मुखवटा न्या, खळीचा, इथल्या पेपरचा, आतून गुजराती-मराठी अक्षरं दिसतील असा. त्यांच्या टेबलावर ठेवा आणि मुलीला सांगा की आईने केलाय. भाषेची अडचण तिथेच संपेल.